बर्गी, ईसरलाट आणि वसईच्या घंटा : दुसऱ्याच्या गावात आपला इतिहास ऐकताना

शेवंती (धागाकर्ती)

प्रवासाने मन मोठं होतं असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते ते सगळ्याच प्रवासाने होत नाही. समुद्रकिनारा, बर्फ, बाजारहाट करून आलं की आपली मतं जशी गेली तशीच घरी येतात. त्यांना हात लागतो तो एखाद्या अशा गावात, जिथे गोष्ट सांगणारा दुसरा असतो आणि त्या गोष्टीत लुटायला आलेले लोक आपले असतात. अशा गावांबद्दल बोलायला हा धागा काढते आहे.

माझ्यासाठी ते गाव म्हणजे विष्णुपूर, पश्चिम बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातलं. मल्ल राजांची ही राजधानी. त्या राजांनी जांभा, विटा आणि भाजलेल्या मातीच्या फरशांनी देवळं उभारली. रासमंच १६०० च्या सुमाराचा, जोडबांगला १६५५ चं, मदनमोहनाचं मंदिर १६९४ चं. भिंतीवर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. कृष्णलीला आहेत, रामायणातली युद्धं आहेत, शिकारी, नावा, हंसांच्या रांगा आहेत. नुसतं हे बघायलाही तिथे जावं.

याच गावात दलमादल नावाची एक लांबलचक लोखंडी तोफ चौथऱ्यावर ठेवली आहे. १७४२ मध्ये मराठी फौज विष्णुपुरावर चालून आली तेव्हाचा राजा गोपालसिंह हा निस्सीम वैष्णव होता. संध्याकाळी सगळ्या प्रजेने हरिनाम घेतलंच पाहिजे असा त्याचा हुकूम असे, आणि लोक त्याला 'गोपालसिंहाची वेठ' म्हणत. शत्रू वेशीशी आल्यावरही त्याने प्रजेला नामस्मरणच करायला सांगितलं. त्या रात्री खुद्द मदनमोहनाने ही तोफ डागली आणि मराठ्यांना परतवलं, अशी तिथली श्रद्धा आहे.

हे सांगणारे गृहस्थ वयस्कर होते. आम्ही महाराष्ट्रातले आहोत हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला नाही की टोमणाही मारला नाही. देवाने गाव वाचवलं एवढंच ते मनापासून सांगत होते. आपल्या सैनिकांच्या तोंडी 'हर हर महादेव' होतं, आणि ज्यांच्या बाजूने देव उभा राहिला ते समोरचे होते. ज्या कृष्णाला आपण पंढरपुरात विटेवर बघतो, तोच इथे आपल्यावर तोफ चालवतो. हे ऐकताना मला राग आला नाही. या माणसाला त्याचा देव कुठून दिसतो, ते मला त्या चौथऱ्यापाशी पहिल्यांदा कळलं.

बंगाली घरांत अजूनही म्हटली जाणारी अंगाई तुमच्यापैकी काहींना माहीत असेल : 'खोका घुमालो, पाडा जुडालो, बर्गी एलो देशे, बुलबुलिते धान खेयेछे, खाजना देबो किशे.' बाळ झोपलं, वस्ती निवली, बर्गी देशात आले. धान तर बुलबुलांनी खाल्लं, आता सारा कशाने भरू? बर्गी म्हणजे आपले बारगीर. मला यात दुसरा भाग जास्त लागतो. त्या आईला घोडेस्वाराची भीती आहेच, पण साऱ्याची चिंता त्याहून मोठी आहे. वसुली करणारा नवाबाचा असो की नागपूरचा, तिचं कोठार रिकामंच आहे.

आपल्या शाळेच्या पुस्तकात या मोहिमा एक-दोन ओळींत उरकल्या जातात. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओडिशात जात राहिल्या. १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने ओडिशा सोडला आणि सालाना १२ लाखांची चौथाई मान्य केली. आपल्या बाजूने हा राज्यविस्तार आहे आणि तो खराच आहे. पण गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात या स्वाऱ्यांवर काव्य लिहिलं, त्याला नाव दिलं 'महाराष्ट्र पुराण'. त्यात गाव सोडून पळणारी माणसं जातवार, धंदेवार येतात : पोथ्या घेतलेले ब्राह्मण, तराजू घेतलेले सोनार, बायका, म्हातारी माणसं. तेही खरंच आहे.

छत्रपती शिवरायांबद्दलचं माझं प्रेम या प्रवासाने तसूभरही कमी झालेलं नाही. ज्याला ते कमी व्हावं असं वाटतं त्याच्याशी मी वाद घालेन. मला एवढंच विचारायचं आहे, की तुम्हाला अशी गावं कुठे भेटली? तिथे तुम्ही काय ऐकलंत?


गोदातीर

सुंदर धागा. कोलकात्याची भर घालतो. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आजही आहे. १७४२ मध्ये मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल झाल्यावर काम थांबलं, कारण मराठे कोलकात्याला आलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्याच्या कडेने सर्क्युलर रोड झाला. म्हणजे आपण जिथे पोचलोही नाही त्या शहराचा आकार आपल्या नुसत्या धाकाने ठरला. हे मला फार विचार करायला लावतं.


महाल_नागपूर

शेवंतीताई, लिहिलंय मनापासून, पण अर्धं लिहिलंय.

अलीवर्दीखान काही बंगालचा वारसदार नव्हता. १७४० मध्ये गिरियाच्या लढाईत आपल्याच धन्याला, सरफराजखानाला मारून तो गादीवर बसला. ओडिशाच्या नायब नाझिमाचा, म्हणजे उपसुभेदाराचा, माणूस मीर हबीब मराठ्यांना मिळाला तो याच वैरातून. आणि रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांचं काय झालं? मार्च १७४४ मध्ये मनकऱ्याला बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावलं आणि त्यांच्यासकट वीसेक सरदारांची कत्तल केली. आमच्याकडे भास्करपंतांचं नाव घेतलं की आधी हा दगा आठवतो. त्यानंतरच्या स्वाऱ्या जास्त कडव्या झाल्या यात नवल नाही.

विष्णुपूरची कथा ऐका, जरूर ऐका. पण तिथल्या माणसालाही मनकऱ्याची कथा ऐकू द्या. दृष्टिकोन समजून घ्यायचा तर दोघांनीही घ्यावा.


शेवंती

महाल_नागपूर, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि मनकऱ्याचा दगा हा दगाच होता. भास्करपंतांबद्दल आणखी एक सांगते. १७४२ च्या नवरात्रात काटोयाजवळ दांइहाटला त्यांनी दुर्गापूजा मांडली होती, मोठ्या थाटाची. नवमीच्या सुमाराला अलीवर्दीने नदी ओलांडून अचानक छापा घातला आणि पूजा अर्धवट टाकून त्यांना निघावं लागलं. दांइहाटला लोक ती जागा दाखवतात. म्हणजे ज्या गावांनी बर्गींचा धसका घेतला, त्यांच्याच आठवणीत बर्गींनी मांडलेली देवीही आहे.

पण अलीवर्दी कसा गादीवर आला याचा बर्दवानच्या शेतकऱ्याशी काय संबंध? १७४३ मध्ये तर नानासाहेब पेशवे स्वतः अलीवर्दीच्या बाजूने बंगालमध्ये उतरले आणि त्यांनी रघूजींना मागे रेटलं. अलीवर्दीने पेशव्यांना २२ लाख कबूल केले होते. शेवटी शाहू महाराजांना मध्ये पडून दोघांना मुलूख वाटून द्यावा लागला. त्या शेतकऱ्याने एकाच वर्षात दोन मराठी फौजा बघितल्या, एक नवाबाच्या विरुद्ध आणि एक नवाबाच्या बाजूची. त्याच्या जागी उभं राहून बघा, दोन्हींत त्याला काय फरक दिसला असेल?


रानजाई

वाचते आहे. प्रतिसाद येऊ द्या.


हुगळीकाठी

लग्नानंतर कोलकात्यात राहते, सासर बंगाली. वरची अंगाई माझ्या सासूबाईंनी माझ्याच मुलीला म्हटली आहे. त्यांच्या लेखी ती अंगाई आहे, तक्रार नाही. सुरुवातीला मी विचारलं होतं, 'मा, यातले बर्गी म्हणजे आम्ही, ठाऊक आहे ना?' त्या म्हणाल्या, 'ते आमच्या आजीचे बर्गी. तू आमची बऊमा.' बऊमा म्हणजे सूनबाई.

याच बंगालने शिवाजी महाराजांना डोक्यावर घेतलं हेही इथे सांगितलं पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात शिवाजी उत्सव होऊ लागला, त्यात पुढाकार होता सखाराम गणेश देउस्करांचा. घराणं मराठी, पण आताच्या झारखंडमधल्या देवघर गावाकडे स्थायिक झालेलं, आणि लेखन बंगालीत. रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये महाराजांवर दीर्घ कविता लिहिली ती त्याच निमित्ताने. टागोरांना बर्गींची अंगाई माहीत नव्हती असं कोण म्हणेल? त्यांनी दोन्ही सांभाळलं. माझ्या सासरीही भिंतीवर रवींद्रनाथ आहेत, माझ्या खोलीत महाराज आहेत, आणि घरात कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.


महानदी

नोकरीमुळे बरीच वर्षं भुवनेश्वरात आहे. ओडिशात चित्र पुन्हा वेगळं. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोर अरुणस्तंभ उभा आहे, एकाच पाषाणातला, सोळा पैलूंचा, दहाएक मीटर उंच. तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोरचा. अठराव्या शतकात, मराठी अमलात, तो पुरीला आणून उभा केला. पुरीत दर्शनाला येणारा माणूस त्याला नमस्कार करून आत जातो. तिथे मराठे म्हणजे जगन्नाथाची सेवा करणारे राज्यकर्ते. कोणार्कला गेलात की तिथला मार्गदर्शक रिकाम्या जागेकडे हात करतो आणि सांगतो, स्तंभ इथे होता, मराठ्यांनी नेला. दोन्ही गावांत तासा-दीड तासाचं अंतर, आणि एकाच कृतीच्या दोन आठवणी. अर्थात कोणार्कची पूजा तोवर कधीच थांबलेली होती, हे पुरीचे लोक आवर्जून सांगतात, आणि त्यांच्या दृष्टीने स्तंभाला पुन्हा देवाचा दरवाजा मिळाला.

अवांतर : यात्रेकरूंवरचा कर मराठी अमलातही होता. तेव्हा ओडिशातही सगळंच गोडगोड आठवलं जातं असं नाही.


सह्यकडा

मला या धाग्याची दिशा थोडी खटकते. अठराव्या शतकात सगळ्याच फौजा रयतेला लुटत. मोगलांनी केलं, निजामाने केलं, इंग्रजांनी तर सव्याज केलं. मग आपणच आपल्या पूर्वजांना आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करायचं? बाहेर फिरून आलं की आपल्याच लोकांना नावं ठेवायची, ही रीत मला पटत नाही.


शेवंती

सह्यकडा, वर कुणीही पूर्वजांना नावं ठेवलेली नाहीत. विष्णुपूरच्या त्या गृहस्थांनीही नाही. त्यांनी त्यांच्या गावाचं काय झालं ते सांगितलं. ते ऐकणं म्हणजे कबुलीजबाब देणं नव्हे. रायगडावर कुणी परप्रांतीय पाहुणा आला आणि आपण त्याला औरंगजेबाच्या स्वारीत इथे काय झालं ते सांगितलं, तर आपण त्याच्याकडून माफी मागत असतो का? त्याने नीट ऐकावं एवढीच आपली अपेक्षा असते. तेवढंच आपणही द्यावं.


गुलाबी_शहर

हा मुद्दा जयपूरच्या उदाहरणाने जास्त स्पष्ट होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

जयपुरात त्रिपोलिया बाजाराजवळ सात मजली मनोरा आहे, ईसरलाट. सवाई जयसिंहानंतर गादीवर आलेल्या ईश्वरीसिंहाने १७४७ च्या राजमहालच्या लढाईतल्या विजयानंतर तो बांधला. ती लढाई त्याने सावत्र भाऊ माधोसिंह, मेवाड आणि त्यांच्या मराठी मदतनीसांविरुद्ध जिंकली होती. वारसाचं हे भांडण मराठ्यांनी दोन्हीकडून पैसे ठरवत वाढवलं, असं इथे सांगतात, आणि आपल्या कागदपत्रांतही होळकर एका बाजूला आणि शिंदे दुसऱ्या बाजूला झुकलेले दिसतात. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव थकलेल्या रकमेसाठी जयपूरजवळ येऊन ठेपले. तिजोरीत पैसा नव्हता. ईश्वरीसिंहाने विष घेतलं आणि सर्पदंशही करवून घेतला. मनोऱ्याच्या गच्चीवर हे ऐकताना खाली सगळं शहर पसरलेलं दिसतं.

आता पुढचा भाग. माधोसिंह मराठ्यांच्याच पाठबळावर गादीवर आला. आणि जानेवारी १७५१ मध्ये, शहर पाहायला आणि खरेदीला म्हणून आत गेलेल्या मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले. दरवाजे बंद करून शेकडो माणसं मारली. पुढे १७५५ मध्ये नागौरजवळ जयाप्पा शिंदे मारेकऱ्यांच्या हातून पडले, त्यांची छत्री ताऊसरला आहे.

इथल्या माणसाकडून तुम्हाला ईश्वरीसिंहाची कथा ऐकायला मिळेल, आपल्या पुस्तकात जानेवारीची कत्तल वाचायला मिळेल. दोघंही खोटं बोलत नाहीत. प्रत्येकाची गोष्ट आपला माणूस मेला तिथून सुरू होते. मी जयपुरात राहायला येईपर्यंत मला ती एकाच टोकाकडून माहीत होती. आता इथल्या मित्रांना मी दुसरा भाग सांगतो आणि तेही शांतपणे ऐकतात. महाल_नागपूर म्हणतात तसं दोन्हीकडून होऊ शकतं, पण आधी आपण ऐकलं तर.


महाल_नागपूर

गुलाबी_शहर, 'प्रत्येकाची गोष्ट आपला माणूस मेला तिथून सुरू होते', हे पटलं. मनकऱ्याबद्दल मी इतका का पेटतो तेही त्यातून कळलं. माझा आग्रह मात्र कायम आहे.


कावेरीतीर

मी तंजावूर मराठी. चेन्नईत वाढले, घरची भाषा मराठी, पण लिहायला-वाचायला नंतर शिकले, त्यामुळे चुका सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे परक्यांच्या दृष्टिकोनाबद्दल लिहिताय. मला घरातल्याच लोकांच्या दृष्टिकोनाबद्दल लिहायचं आहे. महाराष्ट्रातून तंजावूर बघायला येणारे लोक व्यंकोजी राजांबद्दल एकच प्रश्न विचारतात : ते महाराजांशी असं का वागले? १६७७ मध्ये दोघा भावांची तिरुमळवाडीला भेट झाली, वडिलांच्या मुलखाच्या वाटणीवरून बिनसलं आणि व्यंकोजी रात्रीच निघून गेले, एवढंच त्यांना माहीत असतं. आमच्यासाठी व्यंकोजी हे मूळपुरुष आहेत. त्यांच्यामुळे आम्ही इथे आहोत. त्यांनी आणि त्यांच्या वारसांनी जवळपास १८० वर्षं राज्य केलं. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी तेलुगूत आणि मराठीत नाटकं लिहिली. दुसऱ्या सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. ज्या चार भावांनी भरतनाट्याच्या 'मार्गम'ला, म्हणजे सादरीकरणाच्या ठरलेल्या क्रमाला, आजचं रूप दिलं ते चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलू सरफोजींच्याच दरबारातले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ चा. चोळांच्या देवळावर मराठी अक्षरं, आणि तमिळ माणूस ती आपल्याच गावची म्हणून पाहुण्यांना दाखवतो.

पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते. व्यंकोजींचा प्रश्न मग त्यांना वेगळ्या तऱ्हेने विचारावासा वाटतो. दूरच्या प्रांतात, बिजापूरची चाकरी करत, स्वतःच्या हिमतीवर राज्य मिळवलेला धाकटा भाऊ काय विचार करत असेल, असं कुणी विचारलं की मला फार बरं वाटतं.


रानजाई

कावेरीतीर, तुमचं मराठी उत्तम आहे. आणखी लिहा, वेगळा धागाच काढा.


वसईची_वाडी

बंगाल, तंजावूर दूर राहिलं. चर्चगेटहून विरार लोकल धरा आणि वसईला उतरा.

मी वसईचा ख्रिस्ती. घरी सामवेदी बोली, शाळा मराठी माध्यमाची. चौथीच्या वर्गात चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तो धडा मी छाती फुगवून वाचला आहे, कारण पोर्तुगीजांच्या राजवटीत माझ्या पूर्वजांवर काय झालं ते आमच्या घरातही सांगितलं जातं. धर्म बदलला तो काही सगळ्यांनी राजीखुशीने नव्हे. पण त्याच घरात हेही सांगितलं जातं की त्या विजयानंतर चर्च ओस पडली आणि घंटा गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा बघितली असेल, १७२१ ची. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर टांगलेली १७०७ ची. दोन्ही वसईच्या मोहिमेतल्या. पर्यटक तिथे फोटो काढतात ते विजयाच्या खुणेचे. माझ्या वडिलांनी मेणवलीला त्या घंटेला हात लावून क्रुसाची खूण केली आणि मग शेजारच्या मेणेश्वराच्या देवळातही जाऊन आले.

त्याच मोहिमेत शरण आलेल्या पोर्तुगीजांना चीजवस्तू घेऊन सुखरूप जाऊ दिलं, याचाही आम्हाला अभिमान आहे. हा 'आम्हाला' कुणाचा, असं मला शहरात अनेकांनी विचारलंय. मराठी माणसांचा. मी दोन्ही बाजूंचा आहे आणि मला एकही बाजू सोडायची नाही.

सह्यकडा, तुम्हाला मनापासून आमंत्रण. किल्ल्यात नागेश्वराचं देऊळही दाखवतो आणि पडकी चर्चही. नंतर घरी जेवायला या.


सह्यकडा

वसईची_वाडी, आमंत्रण स्वीकारलं. पिंजऱ्याचा माझा मुद्दा मी अजून सोडलेला नाही, पण तो तुमच्या घरी बसून बोलू. घंटांबद्दलचं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मेणवलीला मी गेलो आहे.


गोदातीर

नारोशंकराची घंटा आमच्या रोजच्या वाटेवरची. पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोचलं का, हा इथला नेहमीचा प्रश्न. वसईकरांनी तिला त्यांच्या बाजूने बघायला एकदा नाशिकला यावं, मी सोबत असेन.


माळरान

शेवंतीताई, विष्णुपूरला जायचं मनात आहे. कसं जावं, कधी जावं? आणि एक प्रश्न : तिथे गेल्यावर आपण महाराष्ट्राचे आहोत हे सांगावं का? घरच्यांना थोडं अवघड वाटतंय.


शेवंती

खडगपूर-बांकुडा-आद्रा मार्गावर विष्णुपूर स्टेशन आहे, हावड्याकडून थेट गाड्या आहेत. हिवाळा उत्तम. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे मेळा भरतो, तेव्हा राहायची जागा आधी ठरवा. देवळं एकमेकांपासून फार लांब नाहीत, ई-रिक्षावाले सगळी फिरवतात. बालुचरी साडी विणताना बघायची असेल तर मागावरच जा, दुकानात नुसती घडी दिसते. दांइहाट करायचं असेल तर ते वेगळ्या बाजूला आहे, हावडा-काटोया लोकलने जावं लागेल, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी ठरवू नका. कोलकात्यात वेळ असेल तर बागबाजारातलं मदनमोहनाचं देऊळही बघा. विष्णुपूरच्या राजाने पैशाच्या अडचणीत देवाची मूर्ती तिथल्या गोकुळ मित्रांकडे गहाण ठेवली, असं सांगतात. गोदातीर म्हणतात ती मराठा डिच लेन त्याच भागात आहे.

महाराष्ट्राचे आहोत हे जरूर सांगा, आणि दलमादलपाशी जायच्या आधी सांगा. आम्हाला त्यानंतर जास्त तपशिलात आणि जास्त आपुलकीने सांगितलं गेलं. 'तुमच्याकडे ही गोष्ट कशी सांगतात?' असंही त्यांनी विचारलं, तेव्हा मी भास्करपंतांची हकीकत सांगितली. महाल_नागपूर, मनकऱ्यासकट. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि दांइहाटच्या पूजेची माहिती मला त्यानंतर त्यांनीच दिली.